खोकणारी गाय बाजारात नेण्याआधी

*डॉक्टरसाहेब, नमस्कार. आमचं गाव विट्याजवळ. गोठ्यात सहा एचएफ (होल्स्टिन) गाई, एक म्हैस आणि दोन कालवडी आहेत. दोन वर्षांमागं बाजारातून हेड्याकडून (गुरांच्या व्यापाऱ्याकडून) 'गौरी' घेतली. सोळा लिटर देत होती, आता पाच-सहावर आली. चार-पाच महिने झाले, खाणं ठीक असून वाळत चालली आहे. पहाटे उठली की आणि पाणी प्यायली की कोरडं खोकते. तीनदा इंजेक्शनं झाली. आठवडाभर बरं वाटतं, परत तेच. आता तिचीच शेजारी बांधलेली कालवडही खोकायला लागली. तिकडं कोपऱ्यातली 'तांबडी' दोन महिने पातळ शेण टाकते. ताप नाही, वैरण सगळी संपवते, पण जबड्याखाली सूज आली आहे. ती आमच्या घरच्याच गाईची, पाच वर्षांची. सासऱ्यांना तीन वर्षांमागं टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केला. धाकटा मुलगा सहा वर्षांचा आहे, आजी त्याला रोज धारोष्ण दूध देते. गौरीला टीबी असेल का? तपासणी कोणती आणि कुठं करायची? शेजारी म्हणतात, आत्ता पंचवीस हजाराला जाते तर देऊन टाका. डेअरीला कळलं तर दूध बंद करतील या भीतीनं मी अजून कुणाला बोलले नाही.*
*— एक पशुपालक, खानापूर तालुका, जि. सांगली*

ताई, आधी आज संध्याकाळच्या धारेचं बोलू, बाकीचं मागाहून. मुलाला कच्चं दूध द्यायचं आजपासून बंद करा. आजींनी ते मायेनं दिलं, त्यांच्या आईनंही तसंच दिलं असेल, त्यामुळं घरात त्यावरून बोलाचाली नको. दूध चांगलं उकळी येऊन वर चढेपर्यंत तापवलं की क्षयाचे जंतू मरतात. डेअरीच्या पाश्चरायझेशनमध्ये ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद किंवा ६३ अंशाला अर्धा तास तापवतात, तेवढ्यानंही काम होतं. दही लावायचं ते तापवलेल्या दुधाचंच. गोठ्यातल्या मांजरापुढं कच्च्या दुधाची वाटी ठेवत असाल तर तीही थांबवा. मांजरांना हा रोग दुधातूनही होतो. गौरीचं दूध मात्र निकाल येईपर्यंत घरातही नको, डेअरीतही नको आणि वासराला तर नकोच.

आता गौरीचं. तिला टीबीच आहे असं मी इथं बसून सांगणार नाही. जुना न्यूमोनिया, फुप्फुसातले जंत, पोटात गेलेली तार किंवा खिळा, यांनीही गाय अशीच झुरते. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून शंका घ्यायलाच हवी. खाऊन-पिऊन वाळणं, पहाटेचा आणि पाण्यानंतरचा कोरडा खोकला, प्रतिजैविकानं तात्पुरता उतार, आणि शेजारच्या जनावराला तेच. ही चार लक्षणं एका गोठ्यात एकत्र दिसली की मी तरी टीबीची तपासणी केल्याशिवाय पुढचं इंजेक्शन टोचणार नाही.

तांबडीची गोष्ट वेगळी दिसते, पण दूरची नाही. ताप नाही, भूक शाबूत, शेण पाण्यासारखं, जबड्याखाली पाणी उतरलेलं. हे वर्णन जोन्स रोगाचं आहे. काही ठिकाणी याला नुसती 'जुनाट हगवण' म्हणतात. टीबी आणि जोन्स या दोन्हींचे जंतू मायकोबॅक्टेरियम या एकाच कुळातले. त्यांच्या अंगावर मेणासारखं जाड आवरण असतं. त्यामुळं साधी औषधं आत शिरत नाहीत आणि सावलीतल्या ओल्या शेणात ते महिनोन्महिने तग धरतात. वाढही फार सावकाश. पोटातला साधा जंतू वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतो, क्षयाच्या जंतूला त्यालाच सोळा ते वीस तास लागतात. म्हणूनच गाय आज बाधित झाली तरी खोकला दिसायला महिने, कधी वर्षं जातात, आणि तोवर ती तुमच्या डोळ्यांसमोर धडधाकट उभी असते. डोळ्यांवर विसंबून हा रोग सापडत नाही.

टीबीसाठी पहिली तपासणी कातडीची. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला आणि १८९० मध्ये ट्युबरक्युलिन, म्हणजे त्या जंतूचाच अर्क, पुढं आणलं ते औषध म्हणून. औषध म्हणून ते फसलं. पण बाधित जनावराच्या अंगावर ते सूज आणतं हे ध्यानात आलं, आणि गुरांचा टीबी शोधायला जगभर आजही त्याचाच आधार घेतात. आपल्याकडं ते बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत तयार होत आलं आहे. त्यात जिवंत जंतू नसतो, नुसतं त्याचं शुद्ध केलेलं प्रथिन. टोचल्यानं गाईला रोग होत नाही, ही भीती मनातून काढा.

करताना काय करतात ते नीट पाहून ठेवा, म्हणजे काम चोख होतंय की नाही हे तुम्हालाही कळेल. मानेच्या मधल्या भागात दोन ठिकाणी, एकाखाली एक, साधारण १२ सेंटिमीटर अंतरावर केस कापतात. दोन्ही ठिकाणी कातडीची चिमटी धरून कॅलिपरनं (जाडी मोजायच्या चिमट्यानं) जाडी मोजतात आणि ती मिलिमीटरमध्ये तिथल्या तिथं लिहितात. मग वरच्या जागी पक्ष्यांच्या जंतूचं आणि खालच्या जागी गाईच्या जंतूचं ट्युबरक्युलिन, प्रत्येकी ०.१ मिली, कातडीच्या आतच टोचतात. सुई बरोबर गेली असेल तर बोटाला वाटाण्याएवढी गाठ लागते. गाठ लागली नाही तर औषध कातडीखाली उतरलं, ती टोचणी वाया. बरोबर ७२ तासांनी तोच माणूस, तेच कॅलिपर, तीच जागा, पुन्हा माप.

दोन ट्युबरक्युलिन कशाला, हा प्रश्न तुमच्या गोठ्यात फार महत्त्वाचा आहे. नुसतं गाईच्या जंतूचं टोचलं आणि सूज ४ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आली, तर ती बाधित धरतात. पण जोन्सचा जंतू पक्ष्यांच्या जंतूचा सख्खा भाऊ. जोन्स झालेल्या गाईलाही त्या एकट्या टोचणीनं सूज येऊ शकते, आणि टीबी नसलेल्या तांबडीवर टीबीचा शिक्का बसेल. दोन्ही शेजारीशेजारी टोचलं की वजाबाकी करता येते. समजा खालची जागा ८ वरून १७ वर गेली आणि वरची ८ वरून १० वर. खाली ९ वाढली, वर २, फरक ७. फरक ४ च्या वर गेला, म्हणजे टीबी. दुसऱ्या गाईत खालची ८ ची १२ झाली आणि वरची ८ ची १४. वरचीच जास्त फुगली, तेव्हा टीबीचा ठपका नाही, जोन्सकडं किंवा त्याच्या भावकीतल्या दुसऱ्या जंतूकडं बघायचं. खालची वाढ वरच्यापेक्षा १ ते ४ नं जास्त भरली तर संशयित, आणि ते जनावर पुन्हा तपासायचं. दवाखान्यात जाल तेव्हा 'दोन टोचण्यांची, तुलनेची टेस्ट' असं स्पष्ट मागा.

इथं मला माझी एक चूक सांगायला हवी. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वस्तीवर मी आठ जनावरं तपासली. त्यातली एक गाय तीन आठवड्यांपूर्वी व्यालेली होती. तिसऱ्या दिवशी अंधार पडत आला होता. मी कॅलिपर न काढता अंगठ्यानं चाचपलं, सूज लागली नाही, आणि 'ठीक' लिहून निघालो. वर्षाच्या आत ती गाय मेली. शवविच्छेदनाला मीच होतो. छातीतल्या गाठीवर सुरी फिरवली तर ओल्या वाळूतून पातं ओढल्यासारखी करकर झाली. आत पिवळसर, चुन्यासारखा घट्ट पू. तो आवाज मला अजून आठवतो. त्या दावणीतल्या आणखी दोन गाई पुढच्या तपासणीत बाधित निघाल्या, आणि मधल्या काळात एक कालवड विकलीही गेली होती. ती कुठं गेली, हे त्या घराला सांगता आलं नाही.

व्याल्यानंतरच्या चार-सहा आठवड्यांत गाईची प्रतिक्रिया मंदावते. तशीच ती रोग नुकताच शिरला असताना आणि तो अगदी शेवटाला पोचला असताना मंदावते. गौरीसारखी हडकुळी झालेली गाय टीबीनं पोखरलेली असूनही कधी कधी टोचणीला सूज दाखवत नाही. म्हणून कातडीची टेस्ट ही एकट्या गाईची तपासणी म्हणून लंगडी आहे, कळपाची तपासणी म्हणून उत्तम आहे. गौरीचा निकाल निल (म्हणजे रोग नाही असा) आला आणि तिच्या कालवडीचा बाधित, तर मी गौरीलाही बाधितच धरेन. तेव्हा सहाही गाई, म्हैस, दोन्ही कालवडी, आणि शेळ्या असतील तर त्याही, एकाच दिवशी टोचून घ्या.

रक्ताच्याही तपासण्या आहेत. इंटरफेरॉन गॅमाच्या तपासणीत ताज्या रक्तातल्या पेशी ट्युबरक्युलिनसोबत रात्रभर ठेवून त्या चिडतात का ते पाहतात. कातडीत सुटलेली काही जनावरं यात सापडतात. पण पेशी जिवंत पोचायला हव्यात. रक्त बर्फात घालायचं नाही आणि साधारण दिवसाच्या आत प्रयोगशाळेत न्यायचं, विट्याहून ते जमवणं सोपं नाही. एलायझा, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी, रोग पुढं गेल्यावर उपयोगी पडते, त्यामुळं गौरीसाठी ती जोडीला करून घ्यावी. पीसीआरमध्ये, म्हणजे जंतूच्या डीएनएच्या तपासणीत, दुधात किंवा नाकाच्या स्रावात जंतू सापडला तर मोठाच पुरावा, पण न सापडला म्हणून सुटका नाही, कारण जनावर जंतू रोज बाहेर टाकत नाही.

तांबडीचं शेण तपासायचं. गुदाशयाच्या आतल्या अस्तराचा थोडा खरवडा आणि शेण काचपट्टीवर घेऊन झील-नील्सन पद्धतीनं रंगवतात. निळ्या पार्श्वभूमीवर लालसर काड्यांचे झुपके दिसले की शंका पक्की होत जाते. सोबत रक्ताची एलायझा आणि शेणाची पीसीआर. जंतू वाढवून पाहायचा तर आठ ते सोळा आठवडे लागतात, तेवढं थांबायचं नाही. एकदा काही दिसलं नाही तर महिन्याभरानं पुन्हा नमुना द्या.

हे कुठं करायचं? पहिली पायरी तुमच्या गावाजवळचा पशुवैद्यकीय दवाखाना. जाता येत नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरतं पथक बोलावता येतं. नमुने पुढं पाठवायला पुण्यातल्या औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. (यमाईचं औंध तुम्हाला जवळचं, म्हणून सांगतो, हे पुण्याचं.) सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या तज्ज्ञांचा सल्ला तुमच्या डॉक्टरांना घेता येईल. नमुन्याच्या प्रत्येक बाटलीवर जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर लिहा. 'गौरी' हे नाव प्रयोगशाळेला कळत नाही.

आता एक काम जे डॉक्टर करणार नाहीत, तुम्हीच करू शकता. दूध मांडता तशी एक वही घ्या आणि तारखा लावा. तुमच्या पत्रात मला दोन तारखा खटकल्या. सासऱ्यांचा टीबी तीन वर्षांपूर्वीचा आणि गौरी दोन वर्षांपूर्वी आली. म्हणजे गौरीनं त्यांना रोग दिला, हे शक्य नाही. मग एक तर दोन्हींचा संबंध नाही, किंवा गोठ्यात त्याआधीच एखादं बाधित जनावर होतं, किंवा उलट, सासऱ्यांकडून गुरांना गेला. माणसाच्या टीबीचा जंतू गाईला लागतो. हेड्याला शिव्या देण्याआधी हे तपासायला हवं.

दुसरी तारीख तांबडीची. जोन्स बहुतेक वेळा वासरपणी, पहिल्या काही महिन्यांत शिरतो. चिकातून, दुधातून, शेण लागलेल्या सडातून. आणि दोन ते सहा वर्षांनी उघडा पडतो. तांबडी पाच वर्षांची, घरचीच. तो जोन्सच निघाला, तर पाच वर्षांपूर्वीच तो जंतू तुमच्या गोठ्यात होता. तिची आई कुठं आहे? विकली? मेली? मरताना हगवण होती का? तिच्या पाठच्या-पोटच्या कालवडी कोणत्या? हे आठवून लिहा. सासूबाईंना विचारा, गाईंची वंशावळ त्यांना पाठ असते.

वहीत गोठ्याचा नकाशाही काढा. कोण कुणाशेजारी बांधलं जातं, पाण्याची कुंडी कुणाची सामाईक, रेतनाला वळू येतो की डॉक्टर, दोन वर्षांत कोणतं जनावर आलं, कोणतं गेलं, कुणाकडं गेलं. गौरीच्या कानात तुम्ही घेतलं तेव्हाच बिल्ला होता का ते बघा. असेल तर भारत पशुधन या जनावरांच्या सरकारी नोंदणीतून तिचा आधीचा धनी सापडू शकतो, आणि त्याच्या गोठ्यातली गुरंही तपासता येतात. टीबीचा माग घेणं म्हणजे हेच. प्रयोगशाळा एक गाय सांगते, तिच्या मागची साखळी गोठ्याचा मालकच सांगतो.

विकायचं का? नको, ताई. पंचवीस हजार म्हणजे काय, हे मला माहीत आहे. पेंडीचं बिल, मुलांची फी, सगळं त्यात येतं. पण ती गाय हेड्याकडून आटपाडी, जत, माण, कुठल्याही दावणीला जाईल, आणि तिथंही एखादी आजी नातवाला धारोष्ण दूध देत असेल. शिवाय गुरांचा टीबी आणि जोन्स हे दोन्ही रोग २००९ च्या केंद्राच्या प्राणी-रोग प्रतिबंध कायद्याच्या यादीत आहेत. शंका आली की कळवणं हे मालकाचं कर्तव्य आहे.

परदेशात बाधित जनावर मारून कळप साफ केले. ऑस्ट्रेलियानं तसं करून १९९७ मध्ये देश मुक्त झाल्याचं जाहीर केलं. आपल्या राज्यात गोवंश हत्येला बंदी आहे, म्हणून आपल्याला वेगळं करणं हाच मार्ग. निकाल बाधित आला तर गौरीला मुख्य गोठ्यापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, उन्हात येईल असा आडोसा करा. तिची बादली, खराटा, दावं वेगळं. तिचं काम सगळ्यांत शेवटी, आणि नंतर हातपाय धुऊन मगच स्वयंपाकघरात. तिच्या कालवडीचा निकाल येईपर्यंत तीही वेगळी. गाईला माणसाची टीबीची औषधं द्या असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ती महिनोन्महिने द्यावी लागतात, अर्धवट राहिली की औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात, आणि तेच दुधात उतरतात. उरलेल्या गुरांची टेस्ट ६० दिवसांनी पुन्हा करा. लागोपाठ दोनदा सगळी निल आली की जरा मोकळा श्वास घ्या. नवं जनावर यापुढं तपासल्याशिवाय दावणीला नको.

डेअरीचं तुम्हाला वाटतं तेवढं भय नाही. तिथलं दूध पाश्चराइज होतं, आणि निल निघालेल्या गाईंचं दूध घालायला अडचण नाही. चेअरमनकडं डॉक्टरांना सोबत घेऊन, कागद हातात घेऊन जा. लपवलेलं गावात तिसऱ्या दिवशी कळतं आणि मग खरंही कुणी ऐकत नाही. तांबडी जोन्सची निघाली तर तिच्या शेणापासून वासरं दूर ठेवा, तिचं शेणखत कालवडींच्या चाऱ्याच्या रानात टाकू नका. तो जंतू मातीत वर्षभरही टिकतो. नव्या वासराला चीक निल गाईचा पाजा.

घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, मुलाची आधी. वजन वाढत नाही, मानेला गाठी आहेत, पोट वारंवार दुखतं, असं काही असेल तर ते सांगा. दुधातून आलेला टीबी छातीपेक्षा गळ्यात आणि पोटात जास्त दिसतो. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सासऱ्यांचे जुने कागद सोबत न्या आणि डॉक्टरांना 'आमच्या गोठ्यात टीबीची शंका आहे' हे वाक्य आवर्जून सांगा. गाईचा जंतू, मायकोबॅक्टेरियम बोव्हिस, हा पायराझिनामाइड या नेहमीच्या औषधाला जन्मतःच दाद देत नाही. आपल्या देशात गुरांत ओरिजिस नावाचा त्याचा भाऊबंदही फिरतो. वेल्लोरच्या रुग्णांच्या नमुन्यांवरच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो माणसांतही आढळला. नेहमीच्या थुंकीच्या तपासणीत हे भेद उमटत नाहीत, त्यामुळं सांगितल्याशिवाय डॉक्टरांना गोठा दिसणार नाही.

टेस्टचा दिवस ठरवताना एवढं बघा, की टोचल्यापासून तिसऱ्या दिवशी त्याच वेळी तुम्ही आणि डॉक्टर दोघंही मोकळे असाल. सोमवारी सकाळी टोचलं तर गुरुवारी सकाळीच माप, लग्न-यात्रा मध्ये नको. कोणती गाय कधी व्याली ते डॉक्टरांना आधीच सांगा, आणि दिवसाउजेडी माप घ्यायला लावा. प्रत्येक जनावराचे चार आकडे, वरचे दोन आणि खालचे दोन, वहीत उतरवा आणि मला पाठवा. तांबडीच्या आईचं काय झालं, तेही त्यात लिहा.